किलोच्या जागी महिने

"ताई, डोसाच्या तक्त्यात किलोच्या जागी महिने पडलेत का, एकदा बघा," प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणारे काका त्या संशोधिकेला म्हणाले होते. "काका, तुम्ही तुमचे उंदीर सांभाळा," म्हणत तिनं ते हसण्यावारी नेलं. बाळांच्या तापाच्या औषधावरचा, तोच तक्ता असलेला तिचा लेख गाजला. चारशे लेखांनी त्याचा आधार घेतला. पुढे तिचीच लेक तापली, तेव्हा डॉक्टरांनी तोच तक्ता उघडला आणि तिला काकांचं बोलणं आठवलं. लेक नऊ महिन्यांची, वजन जेमतेम सहा किलो, आणि तक्ता सांगत होता नऊ किलोचा डोस! तिनं चमचा अडवला. दुरुस्ती छापून आणली, ती कुणी वाचेना. तक्ता मात्र रोज नव्या लेखात उतरतोच आहे. तुमच्या शेजारी एखादं किडकिडीत बाळ तापलं असेल, तर औषध वजन बघून दिलंय ना, एवढं विचारून याल?