मास्तरांची बरणी

सासूबाईंचा डावा बूट निघेना. दारापुढच्या पायरीवर एका मांडीवर माझ्या तान्ह्या लेकीला, सिनसिनला, आडवी धरून मी मोकळ्या हातानं तो रबरी बूट ओढत होते. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा तो पोटरीला चिकटून बसला होता.

"वढ की नीट. तुझ्या आईनं तुला खायला घातलं का न्हाई?" त्या म्हणाल्या.

"आई, पाय सुजलेत तुमचे. मला काय बोल लावता?"

"दिसभर गुडघ्यावर रांगून लसूण उपटलाय. सुजणारच की."

शेवटी बूट सुटला आणि मी मागं कलंडले. सिनसिन झोपेतच हसली, तिच्याकडं बघून सासूबाईही हसल्या. त्यांच्या पायावर मी बोट दाबून पाहिलं, तर मळलेल्या कणकेत रुतावं तसं रुतलं आणि खळगा किती तरी वेळ भरेना. त्यांनी विजारीचा पाय खाली ओढून घेतला.

लसणाचे दिवस होते. आमच्या युनलिनच्या किनाऱ्याला हिवाळाभर समुद्रावरचा वारा झोडपत असतो. त्यातली वाळू भातात येते, दातांखाली येते, बाळाच्या कानात जाते. वारा पडला की लसूण उपटायची घाई, कारण मागोमाग पाऊस येतो आणि सरीवर सुकत टाकलेला लसूण भिजून काळा पडतो. तरणी माणसं सगळी राजधानीत, तैपेईला. माझा नवरा झिनफाही तिकडंच, बांधकामावर. रानात उरतात म्हाताऱ्या. तोंडाला फुलाफुलांचं फडकं, वर बांबूची टोपी, नुसते डोळे तेवढे उघडे. सत्तरीला आल्या तरी माझ्या सासूबाईंची, सिऊकिमची, सरी सगळ्यांच्या पुढं असायची. टोळीची मुकादमीण अख्वान, आमची शेजारीण. तोंडानं फटकळ, कामाला कडक. जी बाई मागं पडली तिला पुढच्या रानावर बोलावणं नाही, मग ती सख्खी बहीण का असेना.

थंडीत सासूबाईंचे गुडघे इतके धरले की त्यांना भिंतीला धरून उठावं लागे. मीच त्यांना गावातल्या खो डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दुखण्यावरची गोळी दिली. जेवणानंतर एकच घ्यायची, सोबत पोटासाठी दुसरी, आणि दुखणं उतरलं की बंद. पाणी भरपूर प्या म्हणाले. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "आणखी काय औषध चालू आहे?"

"बीपीची गोळी," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं काय बी न्हाई."

खोटं त्या बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ते खरंच होतं.

स्वयंपाकघरात भाताच्या कुकरशेजारी, सोया सॉसच्या बाटलीला टेकून, एक पांढरी प्लास्टिकची बरणी असायची. आत मिऱ्यांएवढ्या काळ्या गोळ्या. ती मी रोज फडक्यानं पुसायची. मला वाटायचं, पोट साफ व्हायला घेत असतील. बरणी पाठवायचे रेडिओवरचे मास्तर. रोज दुपारी ते जुनी गाणी लावत, आमच्या बोलीत गप्पा मारत, म्हाताऱ्यांना नावानं हाक मारून त्यांची विचारपूस करत. पोरं महिन्यातून एकदा फोन करायची, मास्तर रोज भेटायचे. गाणं संपलं की हळूच मुळ्यांच्या, सालींच्या गोळ्यांचं निघायचं.

त्या दुपारी मी सिनसिनला पाजत होते. बाजूला रेडिओ चालू होता. मास्तर म्हणाले, "आज कोण बोलतंय?" आणि त्यातून माझ्याच सासूबाईंचा आवाज आला. रानातून फोन लावला होता, मागं वारा घोंघावत होता.

"मास्तर, म्या सिऊकिम. तुमच्या गोळ्यांनी माजं गुडघं मोकळं झालं बगा. सकाळी दोन, सांजंला दोन. पोरीवानी रांगते आता. आमच्या समद्या बायांनी मागवल्यात."

"ऐकलंत का मंडळी," मास्तर म्हणाले, आणि गाणं लागलं.

सिनसिन दूध सोडून माझ्याकडं बघत होती. मी उठून फळीवर पाहिलं. डॉक्टरांच्या गोळ्यांची पाकिटं रिकामी होत होती, आणि बरणीही.

संध्याकाळी मी विषय काढला. सासूबाई बाळाला न्हाऊ घालत होत्या. लसणाचा वास त्यांच्या बोटांतून वर्षभर जात नाही, सिनसिनला तो वास आला की ती हातपाय झाडते.

"डॉक्टरांना या गोळ्यांचं का नाही सांगितलंत, आई?"

"त्यांनी औषद इचारलं. हे कुठं औषद हाय? झाडपाला हाय."

"झाडपाल्यानं अर्ध्या तासात दुखणं थांबतं?"

"चांगला आसंल तर थांबतं."

तेवढ्यात अख्वान कोबीचा गड्डा घेऊन आली. चप्पल काढायच्या आधीच बोलली, "काय गं सूनबाई, सासूला उलटतपासणीला बसवलंस का? आगं, तिच्यामुळं आमी समद्या चालायला लागलो. मी तर दोन घेते, लई दुखलं तर तीन."

"अख्वानमावशी, यात काय घातलंय ते तुम्हाला माहीत आहे का?"

"बरणीवर दाढीवाल्या बाबाचं चित्र हाय की. तो काय लबाड बोलतोय व्हय?" आणि दोघी हसल्या.

मला हसू आलं नाही. सासूबाई जाऊन आल्या की परसातल्या संडासात दोन दिवस मला काळं दिसत होतं. सांगायला लाज वाटत होती, तरी अख्वान गेल्यावर सांगितलं.

"डुकराच्या रक्ताचं सार प्याले न्हवं का परवा," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं काळं व्हतंच."

ते खरं होतं. त्या सारानं काळं होतं, आमच्याकडं पोरालाही ठाऊक असतं.

त्या बाळाला टॉवेलात गुंडाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "म्या घरी बसले तर अख्वान तुला बोलवंल. तू जाशीलच. मग हिला पाठीवर बांधून नेशील. झिनफाला म्या तसाच नेला व्हता, त्या वाळूत. त्याचा कान आजून वाहतोय. माजं गुडघं गेलं तरी चालंल."

मी टॉवेलाचं टोक सारखं केलं.

दोनच दिवसांनी कडक ऊन पडलं. मी रानात जेवण घेऊन गेले होते, रताळं घातलेली पेज आणि खारवलेले सलगम. सासूबाई सगळ्यांच्या पुढं होत्या. सरीच्या टोकाला पोचल्या, मागं वळून बायांना काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं, आणि तशाच हातावर वाकल्या. ओकारी आली. कॉफीचा चोथा ओतावा तसं मातीवर पडलं. त्यांनी घाईघाईनं त्यावर वाळू लोटली, मांजर लोटतं तशी.

"काय न्हाई, ऊन लागलं," म्हणाल्या, आणि कुशीवर पडल्या.

लसणाच्या ट्रकमधूनच त्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. मागं जुड्यांवर त्या आडव्या, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, सिनसिन छातीशी बांधलेली. ओठ कागदासारखे पांढरे झाले होते. वाटेत एकदाच बोलल्या, "सरी आर्धी ऱ्हायली."

नळी घालून पोटात पाहिलं, तर जखम होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. रक्त चढवलं. मूत्रपिंडंही मंदावली होती, पायांची सूज त्याचीच. तिथली डॉक्टरीण माझ्याच वयाची असेल. तिनं दोन्ही गोळ्या मागवल्या. बरणी मी चोरून आणावी तशी पिशवीच्या तळाशी घालून नेली. चार दिवसांनी तपासणी आली. काळ्या गोळ्यांत मुळ्या होत्या, साली होत्या, आणि त्यांत कालवलेलं तेच दुखण्याचं औषध होतं, खो डॉक्टरांच्या गोळीच्याच जातीचं. कुठं लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टरीण खाटेवर टेकून बसली. "आजी, ही गोळी वाईट नाही. सूज उतरवते, ताप उतरवते, थोडे दिवस जपून घेतली तर उपकारच करते. पण पोटाच्या आतलं अस्तर तीच राखू देत नाही, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही आवळते. तुम्ही दोन्हीकडची मिळून तिप्पट घेत होता. वर तुमचं वय, बीपीची गोळी, दिवसभर ऊन आणि पाणी नाही."

"पानी पिलं तर मुताय जावं लागतं. सरी मागं पडती," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरिणीनं पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला. मग म्हणाली, "पोट आतून जळत होतं, तेव्हा कळलं नाही?"

"दुखलंच न्हाई."

"तेच तर. दुखणं झाकणारं औषध ते. ही जात आता तुम्हाला बंद, कुठल्याही नावाची असो. आणि शौच डांबरासारखं काळं, चिकट झालं तर सार प्यालात का ते आठवत बसायचं नाही. उठून इथं यायचं."

सासूबाईंनी मान भिंतीकडं वळवली. मला वाटलं, झोपल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लिएन, म्या रेडिओवर बोलले व्हते गं. समद्यांनी ऐकलं."

घरी आल्या त्या काठी घेऊन. गुडघे पुन्हा टरारून सुजले. रात्री कुशी बदलताना दात आवळलेले ऐकू यायचे. गरम पाण्याचा शेक आणि डॉक्टरिणीनं दिलेली साधी गोळी, त्यानं भागेल तेवढंच. त्या दारात खुर्ची टाकून बसत, मांडीवर नात, आणि दिसेल त्या बाईला हाक मारत. "ए, त्या गोळ्या टाकून दे." बाया मान हलवत आणि पुढं गेल्यावर आपसांत म्हणत, सिऊकिम थकली आता, आपलं जमंना म्हणून दुसऱ्यालाबी अडवतीय. अख्वान तर तोंडावर म्हणाली, "तुज्या पोटाला न्हाई सोसलं. माजं पोट लोखंडाचं हाय."

उरलेल्या रानावर तिनं मला बोलावलं. मी गेले, पण बाळाला घरी ठेवून. सासूबाईंचे बूट मला ढगळ होत होते, पुढं चिंध्या कोंबून घातले. अख्वानचा रेडिओ तीनचाकीच्या दांड्याला लटकलेला असायचा. दुपारी मास्तर आले. गाणं झालं.

"आज आपल्या जुन्या ओळखीच्या बाईंचा फोन आहे. सिऊकिमबाई, कसे आहेत गुडघे?"

माझा हात लसणाच्या पातीतच राहिला.

"मास्तर, गुडघं मेलं," रेडिओतून सासूबाई म्हणाल्या. मागं सिनसिन काहीतरी बडबडत होती. "तुमच्या गोळ्यांत डॉक्टरचंच औषद निघालं. इस्पितळानं तपासलं. माजं पोट फाटलं, डांबरावानी काळं परसाकडं झालं, रगात चढवलं. म्या इथंच बोलून समद्या बायांना लावलं, म्हनून इथंच सांगते. अख्वान, ऐकतीस का? तुजं पोट लोखंडाचं न्हाई..."

खट् झालं. गाणं लागलं, मधूनच, अर्ध्या ओळीपासून.

वारा पुन्हा उठला होता, पातींवर वाळू वाजत होती. अख्वाननं हात लांबवून रेडिओ बंद केला. कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पुडी काढली, जरा वेळ तळहातावर धरली, आणि परत आत ठेवली. मी मान खाली घातली आणि उपटायला लागले.

सरीच्या मध्यावर ती रांगत माझ्याजवळ आली. तोंडावरचं फडकं सारखं केलं. बायांना ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "सूनबाई, ते डांबरावानी म्हनली न्हवं का. चिकट आसतं का गं?"

"हो, मावशी."

तिनं सरीकडं पाहिलं. अजून अर्धी होती.

मी हातातली जुडी खाली ठेवली आणि त्या ढगळ बुटांत उठून उभी राहिले.