विम्याची दुसरी तारीख

तेलीबांध्याच्या त्या इमारतीखाली रमाबाई रोज सकाळी पांढरी गाडी स्वतः पुसत. धाकट्या सुनेच्या, अनुश्रीच्या वडिलांनी ती लग्नात दिलेली. पुसता पुसता थोरल्या सुनेला ऐकवणं चाले.

"क्षमा, तुह्या बापानं स्कूटी देल्ली होती न? तेही जुनी!"

क्षमा हसून घेई, पण पहिला चहा अनुश्रीपुढे गेला की तिचा जीव जळे. एकदा तिच्या सात वर्षांच्या मुलीनं, ईरानंही विचारलं, "मम्मी, चाची कार लाई, आप स्कूटी क्यों लाए?"

लग्नाआधी ती विमा कार्यालयात नोकरी करी. मार्चमध्ये गाडीत काही शोधताना तिच्या हाती विम्याचा कागद आला. गाडीच्या विम्याचे मुख्य दोन भाग. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणारा पहिला. तो कायद्यानं सक्तीचा, नव्या गाडीला तीन वर्षांचा. आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दुसरा. तो ऐच्छिक, बहुधा एकाच वर्षाचा. या दुसऱ्याची मुदत आठ दिवसांत संपत होती. पण गाडी मुलीकडची म्हणून तिचा विमाही मुलीकडचेच बघतील, अशी या घराची रीत. कागद कोणी उघडलाच नव्हता.

'ठोकू दे एकदा,' असं म्हणत क्षमानं कागद जागेवर ठेवला.

मे महिन्यात अभनपुरहून येताना अनुश्रीच्या नवऱ्यानं, परागनं, एका भाजीच्या ठेल्याला धडक दिली आणि गाडी पुलाच्या कठड्यावर घातली. माणसं वाचली. ठेलेवाल्याच्या भरपाईची सोय विम्यात होती. चेपलेल्या गाडीची नव्हती.

"तीन सालाचा विमा होता म्हणे!" रमाबाई अनुश्रीवर कडाडल्या. "फसवलं तुह्या बापानं. लाव फोन. गाडी दुरुस्त करून द्या म्हण, नाही तर तूही तिकडंच राय!"

पराग खाली मान घालून बसला होता. याच क्षणाची क्षमानं वाट पाहिली होती. पण फ्रिजला टेकून अनुश्री फोनमध्ये 'बाबा' हे नाव शोधत होती. आठ वर्षांपूर्वी सासूच्या धाकानं त्याच जागी उभं राहून क्षमानं आपल्या बाबांकडे स्कूटी मागितली होती.

तिनं अनुश्रीच्या हातून फोन काढून घेतला.

"आई, कोणी फसवलं नाही. आपल्या गाडीचा भाग मार्चमध्येच संपला. मले दिसलं होतं. मी बोलली नाही."

"काहून, वहिनी?" पराग ओरडला.

"जळत होती मी हिच्यावर. अन् आई, रोज सकाळी फडकं घेऊन तुम्हीच पेटवत होत्या मले."

"मग आता तुह्या बापाले मागू काय?"

"कोणाच्याच बापाले नाही. ज्यानं ठोकली, तो नीट करील. नाही तर भाऊजी, सायकल आहेच. अन् अनुश्री कुठं जाणार नाही."

अनुश्री हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं..."

"हव. चूक माही. एवढ्यात माफ नको करू मले."

दारातून ईरानं विचारलं, "मम्मी, मेरी शादी में कौन सी कार दोगे?"

"कोणतीच नाही. अन् जो मागंल, त्याच्या घरी तुले पाठवणार नाही."



वाचकहो, आपल्या दारातल्या गाडीचे कागद आज काढा. दोन्ही तारखा बघा. आणि गाडी कोणाच्या बापानं घेतली, तेही बघा.