निरोपाचा डबा

मित्रांनो, हसू नका. भिंतीला टेकलेली ही गंजकी हातगाडी म्हणजे मीच. भिलाईच्या एका लहानशा स्टेशनावर माझं आयुष्य गेलं. जवळच्या रुआबांधा वस्तीतल्या एका वेल्डिंगवाल्यानं मला जोडलं. खाली लोखंडी चाकं, वर सागाच्या फळ्या. अंगात पोलाद आहे, कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही.

काय काय वाहिलं म्हणून सांगू! बदलीवाल्यांचे पलंग, नव्या नवऱ्यांच्या ट्रंका, उतईच्या पेरूंच्या टोपल्या. धोंडबा हमाल म्हणायचा, "हे आहे म्हणून माही कंबर आहे." मग सुटकेसांना स्वतःचीच चाकं फुटली. चाकं अंगठ्याएवढी, पण मिजास केवढी! मला कोपरा मिळाला.

कोपऱ्यात बसून मी स्वप्नं पाहते. वाटतं, स्टेशनावरच्या घोषणा कोणाच्या तरी आईच्या आवाजात व्हाव्यात, "बाळा, पाणी भरून घे, चष्मा घेतला ना?" म्हाताऱ्यांनी पूल चढू नये, फलाटानंच त्यांच्याकडे हळूच सरकत यावं. रुळांच्या कडेनं मोगरा असावा, डोळे मिटलेल्या प्रवाशालाही वासानं कळावं की घर आलं. आणि प्रत्येक गाडीला शेवटी एक निरोपाचा डबा असावा. पोचवायला आलेल्यांनी त्यात बसावं, पुढच्या दुर्ग स्टेशनापर्यंत पोटभर रडावं, आणि त्याच डब्यानं त्यांना परत आणून सोडावं.

असा डबा नाही, म्हणून तर कलावतीबाईंची ती गत झाली.

त्या सेक्टर 2 मधल्या. गुडघे गेलेले, म्हणून धोंडबानं त्यांना माझ्यावर बसवून फलाटावर आणलं. नागपूरला लेकीला, ऐश्वर्याला, सकाळपासून कळा येत होत्या. "आई, तू आली की मगच मी आत जाईन," असं ती फोनवर म्हणाली होती.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. जाणारा एक आणि गाडीत चढणारे सगळे. मुलगा सुजय म्हणाला, "आधी सामान लावतो, मग आईले चढवतो." शेजारच्या सिंधुताई खिडकीची जागा धरायला आत शिरल्या आणि तिथं कोणाशी तरी भांडत बसल्या. तेवढ्यात गाडी हलली.

कलावतीबाईंचा फोन वाजला. गाडीतून सुजय होता.

"आई, तू कुठं आहेस?"

"जिथं ठेवलं तिथंच आहो! सामान चाललं, पोचवणारे चालले, अन् जाणारी इथं! सिंधुताईले म्हणा, खिडकी भेटली ना, आता मले टाटा करा!"

मला हसू आलं. पण मग त्यांनी फोन पदरात ठेवला आणि गाडी गेली त्या दिशेनं पाहिलं.

"पोरगी वाट पाहून राहिली रे, धोंडबा," त्या हळूच म्हणाल्या.

पुढच्या गाडीला वेळ होता. धोंडबानं चहा आणला, तो तसाच निवला. मग पुन्हा फोन वाजला. जावयाचा होता. बाईंनी तो कानाला लावला. आतून एक बारीक, तापट रडणं ऐकू आलं. नात झाली होती. सगळा फलाट क्षणभर धुक्यात तरंगल्यासारखा झाला. मी एवढी ओझी वाहिली, पण बिनवजनाचं असं काही माझ्यावर कधी उतरलं नव्हतं.

"ऐशू," जावयानं फोन लेकीकडे देताच बाई म्हणाल्या, "मी नाही आली तरी गेली ना आत? शहाणी झाली माझी पोरगी." आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

दुर्गला उतरून सुजय धापा टाकत परत आला. हातात सगळ्या पिशव्या, मागे सिंधुताई.

"लाडवाचा डबा उतरवला?"

"उतरवला, आई."

"वा! लाडू चढले, लाडू उतरले. आईले चढवायचं तेवढं राहिलं."

पुढच्या गाडीला मात्र सुजयनं पिशव्या माझ्यावरच ठेवल्या आणि आधी आईला दोन्ही हातांनी धरून आत नेलं.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, तेलही नको. जन्मभर सामान वाहिलेली मी सांगते, कोणाला पोचवायला गेलात तर आधी त्याचा हात धरा. पलीकडच्या स्टेशनावर सामानाची कोणी वाट पाहत नसतं.