घड्याळ थांबवणारी तार

माझी नणंद बोलते कमी आणि सोल्डरिंग जास्त करते. माझं बरोबर उलटं. आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत, दवाखान्यांत जाणारी किरणोत्सारी औषधं तपासतो.

औषध जहाल असलं की किरण इतक्या दाटीनं येतात, की कधी दोन किरण ते मोजणाऱ्या डिटेक्टरवर एकदम आदळतात आणि त्याला तो एकच मोठा किरण वाटतो. दारातून दोघं खेटून गेले की रखवालदारानं एक जाडा माणूस मोजावा, तसं. मग प्रत्येक द्रव्याचं शिखर दाखवणाऱ्या आलेखावर भलत्याच द्रव्याचं खोटं शिखर उगवतं आणि आमची त्रेधा उडते. यावर नणंदेनं वर्षभर खपून एक डबा बनवला होता. जोडी दिसली की तो तिला मोजणीतून हाकलायचा. आज साहेब तो बघणार होते. पसंत पडला नाही, तर डबा कपाटात आणि पोरीचं वर्ष पाण्यात!

साहेबांनी ओळखीचा एक छोटा नमुना डिटेक्टरजवळ पक्का बसवला आणि औषधाची बाटली हळूहळू जवळ सरकवली. खोटं शिखर गायब! मी टाळी वाजवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "अहो, पण हे काय?"

छोटा नमुना जागचा हलला नव्हता. तरी बाटली जवळ येईल तसा त्याच्या किरणांचा दर सेकंदाचा आकडा घसरत होता.

"खोट्यांबरोबर खऱ्यांनाही हाकलतोय तुमचा डबा," साहेब हळहळले. "राहू द्या."

नणंदेचा चेहरा एवढासा झाला. पक्कड घेऊन ती निमूटपणे डबा सोडवायला लागली. ते निमूटपण बघून माझं डोकंच फिरलं.

"हात लावू नकोस त्याला! जोडी हाकलताना तुझं दार बंद असतं ना? त्या वेळात खरेही बाहेरच राहणार. मग तो वेळ धरायचाच कशाला? तेव्हा मोजणीचं घड्याळ थांबतं का तुझं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "वहिनी... डिटेक्टरचा बंद वेळ, डेड टाइम, मी वजा केलाय गं. डब्याचाच राहिला!"

"मग बघतेस काय? जोड तार!"

तिनं डब्यातून घड्याळापर्यंत एक तार ओढली. दार बंद, की घड्याळही बंद. साहेबांनी बाटली पुन्हा सरकवली. छोट्या नमुन्याचा आकडा थोडा डळमळला आणि पहिल्या जागी येऊन बसला. बाटली आणखी जवळ नेली. आकडा तिथंच! आणि खोट्या शिखराचा मागमूस नाही.

"उद्यापासून सगळी औषधं याच्यावरच तपासायची," साहेब म्हणाले. त्यांनाच जास्त आनंद झालेला दिसत होता. "घड्याळाचं लक्षात कुणाच्या आलं?"

"वहिनीच्या," नणंद म्हणाली. "चिडली की तिला बरोबर सुचतं."

मी आणखी चिडणार होते. पण ती खो खो हसत सुटली आणि साहेबांच्या देखत मी तिला घट्ट मिठी मारली.