राग माझ्याकडे द्या

आमच्या संघात एकाचंही डोकं ठिकाणावर नाही, हे मी प्रशिक्षक म्हणून सांगतो. मधल्या फळीतल्या वेल्डरकडे कुणी नुसतं बघितलं तरी तो बाह्या सरसावतो. उजवीकडून पळणारा दातांचा डॉक्टर दवाखान्यात इतकं गोड बोलतो की पेशंटला खुर्चीतच झोप यावी. मैदानावर मात्र त्याचं तोंड सुटलं की आम्हालाच कान झाकावे लागतात. प्लंबर तर थ्रो-इनसाठीही हमरीतुमरीवर येतो. शांत म्हणाल तर एकटा गोलकीपर, म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो शिंपी आहे. कंबर सैल झाली, बाही आखूड झाली, अशी लोकांची कुरकुर दिवसभर ऐकतो आणि "करून देतो" म्हणतो. आमच्या घरातला राग वाटला गेला तेव्हा सगळा माझ्याच ताटात पडला असणार. मी एरवी बस आगारात वेळापत्रकं लावतो, आणि तिथे माझ्या टेबलापाशी कुणी विनाकारण थांबत नाही.

प्रादेशिक क्रीडास्पर्धांमध्ये आम्ही चौदा वर्षं फुटबॉल खेळतोय आणि चौदा वर्षं गटातच गारद होतोय. गटाचे सामने मागच्या मैदानावर होतात. एका बाजूला वेटलिफ्टिंगची शेड, तिथून सारखे धाडधाड आवाज. दुसऱ्या बाजूला तिरंदाजी. बॉल तिकडे गेला की त्यांचे सगळे बाण मारून होईपर्यंत बावीस माणसं कमरेवर हात ठेवून उभी. उपांत्य सामना मात्र मोठ्या स्टेडियममध्ये. तिथे खरं गवत, खऱ्या पायऱ्या आणि त्यांवर खरी माणसं.

भाऊ यंदा चाळिशीला लागला. गुडघा गेलाय, ही शेवटची स्पर्धा, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलंय. परवा पट्टी बांधताना तो मला म्हणाला, "दादा, एकदा त्या मोठ्या मैदानात उभं राहायचंय. तिथे हरलो तरी चालेल."

जन्मात त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी शब्द देऊन बसलो.

आणि यंदा संधीही चालून आली. शेवटच्या सामन्याआधी आमचे आणि समोरच्यांचे गुण सारखे, झालेले गोल सारखे, खाल्लेले गोलही सारखे. सामना बरोबरीत सुटला तर कार्डं मोजणार: पिवळ्याचा एक, लाल कार्डाचे तीन, आणि ज्याची बेरीज कमी तो पुढे. आमचे सहा, त्यांचे सात. म्हणजे गोल खायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. पहिलं जमण्यासारखं होतं.

"नव्वद मिनिटं मूग गिळून बसायचं," मी सगळ्यांना सांगितलं.

"आणि राग आला तर?" वेल्डरने विचारलं. त्याला आत्ताच आला होता.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. अजूनही म्हणतो, युक्ती चांगलीच होती. "राग आला की पळत माझ्याकडे यायचं, माझ्या कानात सगळं ओकायचं आणि हसत परत जायचं. तुमच्या वतीने मी रागावतो. मी खेळत नाही, मला कार्डाची काय भीती?"

समोरच्यांनाही हिशेब माहीत होता. पहिल्या मिनिटापासून त्यांनी आम्हाला डिवचायला घेतलं. पाचव्या मिनिटाला डॉक्टर धापा टाकत आला. "तो चार नंबर, माझ्या दवाखान्याची पाटी वाचलीय त्याने, म्हणतो, हा दात काढणारा की दात विचकणारा!" पुढे तो जे बोलला ते मी गिळलं. तो ताजातवाना होऊन गेला. मग प्लंबर, मग वेल्डर दोनदा. मध्यंतरापर्यंत रेषेपाशी रांग लागायची बाकी होती. मैदानावर आमचे लोक पडलेल्यांना हात देऊन उठवत होते, पंचांना "काही हरकत नाही" म्हणत होते. पंचांनी दोनदा माझ्याकडे संशयाने पाहिलं.

इकडे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दहा माणसांचा संताप एका माणसात, तोही आधीच भरलेल्या. राखीव खेळाडू माझ्यापासून बाक सरकवून बसले.

फक्त भाऊ एकदाही आला नाही.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर आला. भावाने उंच झेप घेऊन बॉल पकडला, त्यांचा धिप्पाड नऊ नंबर त्याच्यावर येऊन आदळला आणि भाऊ गुडघ्यावर कोसळला. शिट्टी नाही. भाऊ उठला, चिखल झटकला आणि माझ्याकडे बघून हात हलवला, सगळं ठीक आहे म्हणून. वर हसला.

ते हसणं मला सहन झालं नाही. पुढचं मला आठवतं ते मैदानाच्या मध्यावरचं.

"वेल्डरच्या वतीने," मी पंचांना बोटं मोजत सांगत होतो, "तुम्हाला चष्मा लागलाय! प्लंबरच्या वतीने, ती थ्रो-इन आमची होती! डॉक्टरांच्या वतीने..." डॉक्टरांचं मी इथे लिहीत नाही.

पंचांनी सगळं ऐकून घेतलं. "अजून कुणाचं राहिलंय?"

"डाव्या बॅकचं," मी म्हणालो आणि तेही सांगितलं.

मग त्यांनी लाल कार्ड काढलं.

सामना शून्य-शून्य संपला. नोंदींच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहत सांगितलं, "तुमचे नऊ झाले. त्यांचे सात."

"माझं कसं धरता? मी खेळत नाही!"

त्यांनी नियमांची पुस्तिका उघडून माझ्यापुढे सरकवली. प्रशिक्षकाचं कार्डही धरतात. मी पुस्तिका वाचली होती, पण खेळाडूंची पानं संपली तिथे मिटली होती.

कपडे बदलायच्या खोलीत जाताना माझी पाचावर धारण बसली. पण ते सगळे मजेत! राग उरलाच नव्हता कुणाकडे. प्लंबर म्हणाला, "दादा, माझं वाक्य शब्दान् शब्द सांगितलंत हो." सगळे हसले.

भाऊ कोपऱ्यात हातमोजे काढत होता.

"दादा, मला लागलं नव्हतं."

"मग पडलास कशाला?"

"एवढी उडी मारल्यावर माणूस खालीच येणार ना." त्याने मोजे बाजूला ठेवले. "दादा, मला राग आलाय. तुझा. कुणाकडे देऊ?"

एकेक जण बॅग उचलून बाहेर सटकला. मी त्याच्यासमोर बाकावर बसलो.

"माझ्याकडेच दे," मी म्हणालो.

आधी आजचं निघालं. मग त्याच्या लग्नात मी फोटोग्राफरवर ओरडलो ते. मग बाबा दवाखान्यात होते तेव्हाचं. "सगळ्या नर्सना तूच झापलंस. मला काय वाटतंय ते कुणी विचारलं? तू नेहमी माझ्या वाटचं रागावून मोकळा होतोस. मला कधी रागवायला मिळालंच नाही, दादा. आणि आज मैदानही गेलं."

मी त्याला दिलेला शब्द मोडला होता, आणि तोही त्याची बाजू घेऊन. उत्तरं दहा सुचत होती. एकही दिलं नाही.

तेवढ्यात खोली बंद करायला आलेला वॉचमन दारात किल्ल्या वाजवू लागला. मी सवयीने उठलो.

"तू बस खाली!" भाऊ माझ्यावर खेकसला. मग वॉचमनकडे वळून गरजला, "दिसत नाही का, आम्ही बोलतोय ते? थांब बाहेर!"

वॉचमन थांबला. मीही बसलो, आणि भावाने पुढचं सुरू केलं.