सतरावं नोझल

मेहुण्याला कारखान्यात चिकटवला तो त्यानेच, आणि आता तोच मेहुणा डोक्यावर बसला होता. निदान त्याला तसं वाटायचं. कालपरवापर्यंत "दाजी, दाजी" करत मागे फिरणारं पोर!

भट्टीतून लालभडक सिलिंडर काढून, पोलाद कडक व्हावं म्हणून, पाण्याच्या टाकीत बुडवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. सिलिंडरची भिंत वीतभर जाड. बाहेरून गार झाली तरी पोटात धग राहते, आणि घाई केली की तडा जातो. म्हणून तो सिलिंडर मध्येच वर काढायचा, मनात चाळीस मोजायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

मग टाकी गेली, फवारे आले. सिलिंडर उभा करायचा, भोवती चोवीस नोझल. पाणी कधी सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवणार आणि कॉम्प्युटर मेहुणा चालवणार. साहेब त्याच्या खांद्यावर हात टाकून हिंडायचे. घरी बायको भावाचं कौतुक करता थकत नव्हती. एकदा ती म्हणाली, तुम्हीही शिकून घ्या की त्याच्याकडून. त्या दिवशी तो ताटावरून उठला. जळत होता तो, सरळ सांगायचं तर.

सगळ्यात मोठ्या सिलिंडरवर पाणी सुटलं तेव्हा वाफेत कुणालाच काही दिसेना. पण त्याचे कान तयार होते. एका बाजूचा आवाज पोकळ येत होता. सतरावं नोझल तुंबलं होतं. नुसती हाक मारायची होती. त्याने हाताची घडी घातली. होऊ दे एकदा फजिती.

दुसऱ्या दिवशी तपासणीत तळहाताएवढा भाग मऊ निघाला. साहेबांनी दोघांना स्क्रीनसमोर बोलावलं. पाणी मध्येच बंद होतं, घोळ तिथेच आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्याने तो स्क्रीन पहिल्यांदाच नीट पाहिला. पहिला फवारा, दुसरा फवारा, आणि दोन्हींच्या मध्ये एकच शब्द: दाजी. पुढे चाळीस सेकंद.

"हे दाजी काय आहे? काढून टाक ते," साहेब म्हणाले.

मेहुण्याची मान खाली होती. "ते नाही काढणार, साहेब. दाजींचं गणित चुकत नाही. माझंच काहीतरी चुकलं असेल. हवं तर मला काढा."

साहेब म्हणाले, तसंच करावं लागेल.

तो एक पाऊल पुढे आला. "नोझल तुंबलं होतं," तो म्हणाला. "सतरावं. काल पाणी सुटलं तेव्हाच ऐकलं होतं मी."

मेहुणा वळला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मग बोलला का नाहीत, दाजी?"

सवयीने तो मनात मोजू लागला. चाळीस झाले, तरी उत्तर सापडलं नव्हतं.