‘हलकं ऊन’ ऐकणारी माणसं

पद्मा देशकर पिपरी मेघेत राहते आणि वर्ध्याच्या एका शाळेत गणित शिकवते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं कधीकाळी गाण्यांची कॅसेट काढली होती, हे मात्र नवरा माधव आणि शेजारची मैत्रीण ज्योत्स्ना या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

कॅसेटचं नाव ‘हलकं ऊन’. पंचवीस वर्षांपूर्वी, लग्नाआधी, पद्मा भोयर या नावानं तिनं ती नागपूरला केली. शब्द तिचे, चाली तिच्या, गिटारही तिनंच वाजवलेली. सोबतीला बेस गिटार, की-बोर्ड आणि हळुवार वाजणारे ड्रम. वळण सॉफ्ट रॉकचं, पण गाणी सगळी तिच्या माहेरची, हिंगणघाटची. वेणा नदीचा पूल, आंजीचा रस्ता, गिरणीत कामाला जाणाऱ्या बापाची सायकल. दुकानदारांना ती कॅसेट कुठल्या खणात ठेवावी तेच कळेना. भावगीतांत ठेवावी तर पेटी-तबला नाही, सिनेमाच्या गाण्यांत ठेवावी तर सिनेमा नाही. एका वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या: आवाज गोड आहे, पण गाणी पाण्यात विरघळलेल्या साखरेसारखी, हाती काहीच लागत नाही. खोक्यांमागून खोकी परत आली. पद्मानं बी.एड. केलं, नोकरी धरली, लग्न केलं. आई-वडील गेल्यावर हिंगणघाटचं घरही बंद झालं. रडत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता, आणि संसारही चांगला झाला. फक्त कुणी गाण्याबिण्याचं बोलू लागलं की विषय बदलायची तिला सवय जडली.

एप्रिलमधल्या एका सकाळी ज्योत्स्ना मोबाइल नाचवतच घरात शिरली.

“पद्मे, तू मेली व! अन् मले सांगितलंबी नाई!”

पद्मानं फोन हातात घेतला. हिंगणघाटच्या कुठल्याशा मंडळींनी निरोप पाठवला होता. रविवारी सकाळी बैठक, मोतीलालजींच्या जिनिंगमध्ये, ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये. या वेळचा अल्बम: ‘हलकं ऊन’. गायिका: कै. पद्मा भोयर.

“कै.?” पद्मा म्हणाली.

“कैलासवासी. तिकडं तुझा फोटो हार घालून ठेवतीन पाहाय. आपण जाऊ.”

“काही नाही जायचं. कोण आहेत ही माणसं?”

ज्योत्स्नानं चौकशी आधीच करून ठेवली होती. मोतीलालजी कापसाचे व्यापारी, कापसातून सरकी वेगळी काढण्याची जिनिंगही त्यांचीच. महिन्यातून एकदा पंधरा-वीस माणसं त्यांच्याकडे जमतात. लोकांनी दुर्लक्षिलेला एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकतात. मध्ये कुणी बोलायचं नाही. संपला की ज्याला जे वाटलं ते त्यानं बेधडक सांगायचं.

ते ‘बेधडक’ ऐकून पद्मानं पुन्हा नकार दिला. पण माधव पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, “जाऊन ये. मेलेल्या माणसाला कोणी वाईट बोलत नाही.” आणि तिला हसू आलं. हसता हसताच ती हो म्हणून बसली. अट एकच, ती कोण हे ज्योत्स्नानं कुणाला सांगायचं नाही.

रविवारी दोघी एसटीनं हिंगणघाटला उतरल्या. हंगाम संपल्यामुळे जिनिंगमधली यंत्रं बंद होती, अंगणात सरकीचा वास तेवढा रेंगाळत होता. वरच्या हॉलमध्ये सतरंज्या, भिंतीशी दोन मोठे स्पीकर, टेबलावर जुना कॅसेट डेक. मोतीलालजी साठी ओलांडलेले, पांढरा सदरा, आवाज बाजारात लिलाव बोलून बोलून मोठा झालेला. त्यांनी दोघींना हात जोडले.

“वर्ध्याहून आल्या? वा! बसा, बसा. आधी कधी आयकलं हे?”

“थोडंफार,” पद्मा म्हणाली.

सगळे जमल्यावर मोतीलालजी उभे राहिले. “हे कॅसेट मले रद्दीच्या भावात भेटली होती. कापूस घ्याले मी गावोगाव फिरत होतो, आंजीपावेतो जात होतो, तवा जीपमंदी हेच लावत होतो. मंग या बाईचा लय शोध घेतला. कोणी म्हणे परदेशात गेली, कोणी म्हणे वारली. परदेशात असती तर आतापावेतो घरी परत आली असती, इतकं गावावर प्रेम तिच्या गाण्यात हाये. म्हून मी समजलो, वारलीच. तर आधी आपण दोन मिनिटं शांत उभं राहू.”

सगळे उठले. पद्माही उठली. मान खाली घालून स्वतःला श्रद्धांजली वाहू लागली. शेजारी ज्योत्स्नाचे खांदे हलत होते. मागच्या एका गृहस्थाला वाटलं बाई हुंदके देतायत, त्यानं हळूच पाण्याचा पेला पुढे केला. पद्मानं ओठ दातांत धरले ते मोतीलालजी “बसा” म्हणेपर्यंत सोडले नाहीत.

मग बटण दाबलं गेलं, आणि तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

आधी फीत खरखरली, नंतर गिटारचे पहिले सूर आले. नंतर एका सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलीचा आवाज. पद्माला वाटलं होतं आपल्याला लाज वाटेल. तसं काही झालं नाही. ती मुलगी घाबरत नव्हती, कुणाची नक्कल करत नव्हती. ‘वेणेचा पूल’मधली एक जागा ऐकून गणिताच्या बाईंनी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. समोर एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते आणि बोटांनी गुडघ्यावर ठेका धरत होते. एक बाई खिडकीबाहेर बघत होत्या. कुणी मोबाइल काढला नाही. पंचवीस वर्षांत पद्मानं कधी कल्पना केली नव्हती की आपली गाणी अशी ओळीनं, गप्प बसून, कुणी ऐकत असेल.

शेवटचं गाणं ‘भोंगा’. गिरणीचा भोंगा वाजतो आणि कामगार घरी निघतात, एवढंच त्यात होतं.

*भोंगा झाला, भोंगा झाला,*
*गाव अवघा रस्त्यावर आला,*
*कापूस केसांत घेऊन माझा*
*बाप घराकडं निघाला.*

गाणं विरत विरत संपलं. डेकचं बटण खट्कन वर आलं.

आधी ते म्हातारे गृहस्थ बोलले. नत्थूजी त्यांचं नाव, पोस्टातून निवृत्त झालेले. “मायी बायको दवाखान्यात होती तवा मोतीलालनं हे कॅसेट देल्ली होती. ‘वेणेचा पूल’ तिले रोज लागत जाय. घरी आली तवा पयले पुलावर घेऊन चाल म्हणे. आता ठणठणीत हाये, आज आपल्या नाश्त्याची सांबारवडी तिनंच पाठवली.” सगळे हसले.

खिडकीबाहेर बघणाऱ्या बाई कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या इला मॅडम निघाल्या. त्या म्हणाल्या, “त्या काळात सगळी गाणी चंद्र, चांदण्या आणि विरह यांतच अडकलेली. ही बाई सायकलच्या चेनवर लिहिते. हे तेव्हा कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?” एक औषध दुकानदार म्हणाले, “मी तर तिसऱ्या गाण्याले झोपलो. तारीफ करून राह्यलो बरं, मले गोळी घेतल्याशिवाय झोप येत नाई.” कुणाला की-बोर्ड जुनाट वाटला, कुणाला तोच आवडला. दोघांची त्यावरून जुंपली.

मोतीलालजी तृप्त होऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. “आचल, तू काऊन गप हाय, बेटा?”

आचल त्यांची सून, सीए झालेली, जिनिंगचा कारभार पाहणारी. ती म्हणाली, “बाबा, बोलले तर तुम्हाला राग येईल.”

“येऊ दे. नियम तं नियम हाये.”

“अल्बम चांगला आहे. पण शेवटचं गाणं फसलंय.” हॉलमध्ये चुळबुळ झाली. आचल थांबली नाही. “गाणं भोंग्याचं आहे आणि भोंगाच ऐकू येत नाही! गिरणीचा भोंगा आख्ख्या गावाला ऐकू जातो. ही बाई तो असा गाते, जसं घरात बाळ झोपलंय. चाल वर जायला बघते, आणि ऐन वेळी ती मागे सरते. प्रत्येक कडव्यात. मला वाटतं तिच्यात तो आवाज होता. तिनं लावला नाही, किंवा तिला कुणी लावू दिला नाही.”

एकच गलका झाला. “मऊपणा हीच तर या अल्बमची ताकद आहे!” इला मॅडम म्हणाल्या. “हलकं ऊन नाव हाये, बाप्पा, भर दुपार नाई,” नत्थूजी म्हणाले. मोतीलालजी तर उठून उभेच राहिले. “गेलेल्या माणसाबद्दल असं बोलाव काय, आचल? ते बाई असती तर तिले काय वाटलं असतं?”

“तिला वाटलं असतं, की आचल अगदी बरोबर बोलतेय.”

हे वाक्य कुणी उच्चारलं हे पद्माला स्वतःलाच क्षणभर कळलं नाही. सगळ्यांच्या माना वळल्या तेव्हा कळलं.

“या कॅसेटचं नाव ‘भोंगा’ ठेवायचं होतं,” ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण वर्गात पहिल्या दिवशी कापतो तसा. “कंपनीच्या साहेबांनी बदललं. म्हणाले, ऐकणाऱ्यांना हलकंफुलकं पाहिजे, बाईचा चढा आवाज कॅसेटवर बरा वाटत नाही. शेवटचं गाणं त्यांनी चारदा गाऊन घेतलं, दर वेळी आणखी खाली, आणखी खाली. चाल तशी नव्हतीच.”

“तुमाले कसं ठाऊक?” मोतीलालजींनी विचारलं.

ज्योत्स्नाला आता राहवेना. “अजी, तिले नाई ठाऊक राहीन तं कोणाले? हेच तं हाये तुमची कैलासवासी!”

कुणी हसलं नाही. मोतीलालजींनी पद्माकडे पाहिलं, डेककडे पाहिलं, परत पद्माकडे पाहिलं. पुरावा मागावा तर कसा मागावा, या पेचात ते पडलेले दिसले. आचलनं तो पेच सोडवला. “मग ती खरी चाल कशी होती?” तिनं विचारलं.

पद्मा उभी राहिली. साथीला काही नव्हतं, घसा गणिताचे पाढे म्हणून राठ झालेला. पहिल्या तीन ओळी तिनं कॅसेटवरच्यासारख्याच म्हटल्या, आणि तेवढ्यानंच नत्थूजींनी तोंडावर हात नेला. मग चौथी ओळ आली. ती मागे सरली नाही. तिनं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि “बाप घराकडं निघाला” हे शब्द ‘निघाला’वर जाऊन असे उघडले की खालच्या अंगणात सरकी चाळणाऱ्या दोन बाया हातातलं काम टाकून वर बघू लागल्या. आवाज पत्र्यांवर आदळून परत आला. एका जागी फाटला, तिनं पर्वा केली नाही. उलट तिथूनच आणखी वर गेली.

तिनं डोळे उघडले तेव्हा हॉलमधली माणसं उभी होती. मघाशी दोन मिनिटं उभी होती तशी मान खाली घालून नाही. औषध दुकानदार टाळ्या वाजवत होते, इला मॅडम डोळे पुसत हसत होत्या, आणि आचल धावत येऊन तिच्या गळ्यात पडली होती.

मोतीलालजी जवळ आले. “ताई,” ते म्हणाले, “आमी तुमाले श्रद्धांजली वाह्यली...”

“हो ना. मीही उभी होते की!”

मग मात्र हॉल हसून हसून लोटपोट झाला.

मे संपायच्या आत मोतीलालजींनी जिनिंगची मोठी शेड धुऊन काढली आणि तिथं पद्माचा कार्यक्रम ठेवला. सुट्टीत घरी आलेल्या तिच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी बेस आणि ड्रम सांभाळले, गिटार तिनं स्वतः घेतली. संध्याकाळी पाचालाच शेड भरली. वर्ध्याहून, आंजीहून, नागपूरहूनसुद्धा माणसं आली. गिरणीतून निवृत्त झालेले कामगार पहिल्या रांगेत घरच्या लग्नाला आल्यासारखे बसले. ‘भोंगा’ आला तेव्हा त्यांच्यातल्या अनुसयाबाई, ज्यांनी गिरणीच्या सूत खात्यात उमेदीची वर्षं घालवली होती, उठून उभ्या राहिल्या आणि तोंडाशी दोन्ही हात धरून त्यांनी खरोखरीच भोंग्याची लांबलचक हाळी दिली. त्या हाळीवर पद्मानं आपला आवाज चढवला, आणि पुढच्या ओळी अख्ख्या शेडनं गायल्या. माधव मागे भिंतीला टेकून उभा होता. तो घरात कधी गुणगुणतसुद्धा नाही, त्या दिवशी मान मागे टाकून गात होता.

कार्यक्रम संपल्यावर ती बाहेर आली तेव्हा गाड्यांजवळ माणसं हातवारे करून भांडत होती. एक पोरगा म्हणत होता, जुनी कॅसेटच भारी. आचल त्याला नव्या ‘भोंग्या’ची बाजू पटवून देत होती. खुद्द मोतीलालजी सुनेच्या विरोधात उभे होते. “ताई, राग नका मानू,” ते पद्माला म्हणाले, “आज तुमी आसमान फाडलं. पण जीपमंदी मी जुनंच लावीन. मले त्याची आदत हाये.”

“लावा ना,” पद्मा म्हणाली. आपल्या गाण्यांवरून माणसं भांडतायत, हे बघून तिला इतका आनंद झाला होता की कुणी तिला वाईट म्हटलं असतं तरी तिनं त्याला चहा पाजला असता.

एवढ्यात नत्थूजी गर्दीतून वाट काढत पुढे आले. रागावलेले दिसत होते.

“तुमी आज ‘वेणेचा पूल’ जल्दी गायल्या.”

“काका, तो मी लिहिताना तसाच लिहिला होता, थोडा जलदच.”

“गाणं तुमचं असन, ताई. पूल माया हाये.”

पद्मा हसली, मग हसायचं थांबली, कारण म्हातारा गंमत करत नव्हता. ती त्यांच्या शेजारी एका गाडीच्या बॉनेटला टेकली.

“बरं, मग कसा पाहिजे? म्हणून दाखवा.”

नत्थूजींनी आजूबाजूला पाहिलं, खाकरले, आणि भर गर्दीत, बेसूर पण अगदी सावकाश, पुलावरून कुणाला तरी हात धरून नेत असल्यासारखी पहिली ओळ म्हटली. पद्मानं ती ऐकून घेतली. मान डोलावली. आणि दुसरी ओळ तिनं त्यांच्या चालीनं उचलली.